मुकादमाचा पंचनामा

वनखात्याच्या कुठल्यातरी कपाटात माझ्या नावाचा एक पंचनामा पडून आहे, ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही. पाटबंधारे खात्यातून ज्येष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या आणि साईनगरच्या वाचनालयाचं सचिवपद भूषवणाऱ्या माणसाला ते शोभत नाही. पण घरी पाहुणा आला, चहा झाला, बोलणं जरा मंदावलं, की आमची सीमा तो विषय काढतेच. सीमा म्हणजे माझी पत्नी. ती सांगते तेव्हा माझ्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीला अवाजवी महत्त्व येतं. म्हणून एकदा मीच सगळं रीतसर लिहून ठेवतो.

सुरुवात एका माहितीपटापासून झाली. पौर्णिमा, आमची एकुलती एक लेक, तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होती. एप्रिलातल्या एका दुपारी कूलरसमोर ओले केस वाळवत तिने जाहीर केलं, की तिला कोस्टा रिकाला जायचं आहे. तिथे समुद्राच्या काठावर कासवं अंडी घालायला येतात. ती अंडी जपायला जगभरातली पोरंपोरी स्वयंसेवक म्हणून जातात. वाळूत राबणाऱ्या त्या पोरांवर हिला माहितीपट करायचा होता, आणि तिथली एक संस्था निवडक विद्यार्थ्यांना त्यासाठी स्वतःकडे ठेवून घेत होती.

‘जाय ना मंग,’ सीमा म्हणाली. ती तुरीच्या डाळीतले खडे काढत होती. पोरगी राजकमल चौकात जाऊन येते म्हणाली असती, तरी तिने इतक्याच सहजतेने मान हलवली असती.

मी उठून कपाटातला नकाशा काढला. कोस्टा रिका सापडायला बराच वेळ लागला. मला पौर्णिमेला जाऊ द्यायचं नव्हतं. हे आताच सांगून टाकतो, कारण तेव्हाही ते घरात सगळ्यांना माहीत होतं. अकोल्याला मावशीकडे गेली तरी मला रात्री झोप लागत नसे, आणि हा देश तर नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. पण सुशिक्षित बापाला ‘नाही’ म्हणता येत नाही. त्याला फक्त प्रक्रिया लांबवता येते, आणि त्या कामाचा मला उभ्या नोकरीचा अनुभव होता.

संस्थेला तीन गोष्टी हव्या होत्या. माहितीपटाचा आराखडा, ‘तुमच्या भागातलं कासव आणि माणूस’ या विषयावरची एक छोटी नमुना फिल्म, आणि पोरगी एकवीसच्या आतली म्हणून पालकाचं सहीनिशी संमतीपत्र. तिने ते संमतीपत्र माझ्यापुढे ठेवलं. मी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि समासात लिहिलं, ‘राहण्याच्या व्यवस्थेचा खुलासा नाही. त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावे.’

दुसऱ्या दिवशी खुलासा हजर. मग मी साप-विंचवाबद्दल विचारलं, मग दवाखान्याबद्दल, मग शाकाहाराबद्दल. पोरगी प्रत्येक त्रुटीखाली निळ्या पेनने उत्तर लिहून कागद परत माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवायची. इतका चिवट अर्जदार मला नोकरीत कधी भेटला नव्हता.

बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या पार्वताबाई कुरडयांचा डबा घेऊन आल्या आणि खुर्चीत टेकत म्हणाल्या, ‘कासवाचे अंडे राखाले इतक्या दूर जाऊन राहिली का वं पोरी? आमच्या कोंबडीचे अंडे मांजर खाऊन राहिलं, ते राखाले कोनी नाई येत.’ स्टेशनरीचं दुकान चालवणारे ओमप्रकाशजी त्याहून मुद्द्याचं बोलले. ‘शालिकभाऊ, हे कोस्टा रिका दुबईच्या अलीकडं पडते का पलीकडं?’

‘पलीकडं. लय पलीकडं.’

‘मंग वापस येताना दुबई लागनच. खजूर आनाले सांगजा पोरीले.’

आता प्रश्न होता नमुना फिल्मचा. अमरावतीत समुद्र नाही. माझा जीव जरा भांड्यात पडला होता, तेवढ्यात सीमाने तो परत बाहेर काढला. ‘अवो, बार्शीटाकळीच्या विहिरीत मुकादम हाये ना!’

बार्शीटाकळीला आमची वडिलोपार्जित जमीन. ती माझा थोरला भाऊ चंद्रभानदादा पाहतो. वावरातल्या विहिरीत एक कासव आहे. पाणी साफ राहतं म्हणून आमच्या आबांनी मी शाळेत असताना ते आणून सोडलं होतं. विहिरीवर कोणी काम करायला आलं, की हे कासव वर यायचं, मान काढून काम नीट चाललंय का ते पाहायचं आणि पुन्हा खाली जायचं. म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. त्या विहिरीत मी पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलो. मी बुडायला लागलो, की मुकादम जवळ यायचा. वाचवायला नाही, नुसता पाहायला. आबा काठावर बसून बिडी ओढत आम्हा दोघांकडे लक्ष ठेवायचे. उन्हाळ्याच्या सुट्ट्या मला आठवतात त्या अशा, नाकातोंडात पाणी आणि वरती गोल आभाळ.

मीच हे सगळं पौर्णिमेला लहानपणी शंभरदा सांगितलेलं होतं. त्यामुळे आता तोंड उघडायला जागा नव्हती. ‘बाबा, मले हेच पाह्यजे!’ ती ओरडली. दोन दिवसांत आम्ही एसटीत बसलो. पौर्णिमा, मी, तिच्या वर्गातला शिवम कॅमेरा आणि तीन पायांचं स्टँड घेऊन, आणि ओमप्रकाशजी. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ‘मले वाइल्ड लाइफचा अनुभव हाये,’ ते म्हणाले. चिखलदऱ्याला एका माकडाने त्यांच्या हातातला गरम गिलावडा पळवला होता, एवढाच तो अनुभव.

दादाने आम्हाला पाहून आनंदाने शिव्या घातल्या. सुभद्रावहिनींनी मठ्ठ्याचे ग्लास पुढे केले. ‘मुकादमाचा फोटो काढाचा? काढा ना! दुपारी भाकर टाकली का येते तो वर.’

रोज येतो, त्या दिवशी नाही आला. शिवम विहिरीच्या काठावर पालथा पडून होता. पौर्णिमेच्या हातात माइक होता. वहिनी खाली वाकून हाका मारत होत्या. आणि बातमी लागल्याप्रमाणे आजूबाजूच्या वावरांतली माणसं जमली होती. वऱ्हाडात विहिरीत डोकावणारा एक माणूस दिसला की दहा डोकावतात. कोणी सांगितलं, मोटर चालू करा, आवाजानं येते. कोणी सांगितलं, मोटर बंद करा, आवाजानं भेते. एकाने केळं सुचवलं. दुसरा म्हणाला, त्याले बाहेरच्या लोकाचा वास येऊन राहिला, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. ज्या विहिरीत मी लहानाचा मोठा झालो, तिथे मला बाहेरचा म्हटलेलं मला आवडलं नाही. मी तडक पुढे झालो, काठावरून वाकलो आणि हाक मारली, ‘मुकादम!’

मुकादम वर आला. मान काढली, माझ्याकडे पाहिलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले आणि तो खाली गेला. शिवम नेमका तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होता.

ओमप्रकाशजींच्या मोबाइलमध्ये मात्र तो क्षण पकडला गेला होता. वाकलेला मी, खाली कासव. त्यांनी तो लगेच स्टेटसला टाकला आणि वर लिहिलं, ‘पन्नास वर्षांपासून कासव सांभाळणारे आमचे मित्र शालिकरामभाऊ.’ त्यांच्या मनात माझ्याबद्दल प्रेमच होतं. ते आजही तसंच सांगतात.

ते स्टेटस आमच्याआधी गावभर फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवीदास नावाचा तरुण कार्यकर्ता बुलेटवर वावरात आला. गावातल्या मित्रमंडळाचा तो अध्यक्ष. गावचं कासव परदेशात चाललं, असं त्याच्या कानावर आलं होतं. मी दुरुस्ती केली, की कासव नाही, पोरगी चालली, आणि तीही अजून ठरलेली नाही. ‘कोनीतरी चाललं ना काका? मंग सत्कार तं होईनच,’ तो म्हणाला आणि पूर्वतयारीला निघून गेला.

आमच्याकडे सत्काराला कारण लागत नाही, माणूस सापडावा लागतो. संध्याकाळी विहिरीजवळ सतरंजी अंथरली गेली, स्पीकर लागला, आणि दोन बांबूंच्या मध्ये एक फ्लेक्स उभा राहिला. त्यावर माझा आणि दादाचा फोटो. खाली ठळक अक्षरांत, ‘अर्धशतकाहून अधिक काळ कासव पाळणारे कासवपालक बंधू यांचा जाहीर सत्कार.’ मुकादमाचा फोटो मिळाला नव्हता, म्हणून समुद्रातलं एक भलं मोठं हिरवं कासव टाकलं होतं. खालच्या पट्टीत मंडळाच्या सगळ्या सभासदांची हसरी डोकी. पौर्णिमा म्हणाली, ‘शिवम, सगळं शूट कर.’ मी मात्र, खरं सांगायचं तर, मनातून सुखावलो होतो. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात मला फक्त भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. इथे स्पीकर होता.

प्रमुख पाहुणे म्हणून देवीदासने वनखात्याचे तिथले वनपाल बोलावले होते. कासवाचा कार्यक्रम म्हणजे जंगलखात्याचाच माणूस हवा, हा त्याचा हिशोब. वनपाल गणवेशात आले. मोठ्या आवाजात भाषणं झाली. देवीदास म्हणाला, ‘या दोघा भावायनं एक मुका जीव पन्नास वर्ष विहिरीच्या बाहेर पाऊल ठेवू देला नाई!’ टाळ्या पडल्या. दादाने हात जोडले. मला शाल-श्रीफळ मिळालं, वनपालांनाही मिळालं. मग ते बोलायला उभे राहिले.

‘शाल-श्रीफळाबद्दल आभारी आहे,’ ते म्हणाले. ‘नोकरीत माझा सत्कार पहिल्यांदाच झाला. अडचण एवढीच आहे, की इतका वेळ आपण ज्याबद्दल टाळ्या वाजवल्या, तो कायद्याने गुन्हा आहे. कासव पाळता येत नाही. दोघा भावांनी उद्या सकाळी ऑफिसला यावं. येताना हा फ्लेक्स घेऊन यावा.’

सवयीने चारदोन लोकांनी याही वेळी टाळ्या वाजवल्या.

सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी टेबलाच्या चुकीच्या बाजूला बसलो. खुर्ची डुगडुगत होती. आपण लोकांना अशीच खुर्ची देत होतो का, ते आठवेना. वनपालांनी कागद ओढला.

‘कासव कोणाच्या ताब्यात आहे?’

‘ताब्यात?’ दादा म्हणाला. ‘साहेब, विहीरच त्याच्या ताब्यात हाये. आमी फक्त पानी घेतो.’

‘आणलं कोणी?’

‘आबानं.’

‘आबा कुठे आहेत?’

दादाने वर बोट केलं. वनपालांनी छताकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि पेन खाली ठेवलं. माणूस चांगला होता. तो म्हणाला, तुम्ही स्वतःहून कासव आमच्या हवाली करतो असं लिहून द्या. आमच्या देखरेखीत महान गावच्या धरणात सोडून देऊ, आणि विषय तिथेच मिटवू. फ्लेक्स पुरावा म्हणून फायलीला जोडावा लागला. तो इतका मोठा होता, की दोघा शिपायांनी त्याची घडी घातली, आणि घडी बरोबर माझ्या नाकावरून गेली.

‘आणि शूटिंग?’ पौर्णिमेने विचारलं.

शूटिंगला अकोल्याच्या मोठ्या ऑफिसची परवानगी लागते, असं कळलं. तिला किती दिवस लागतात ते सांगता येत नाही, असंही कळलं. पौर्णिमेची फिल्म शनिवारपर्यंत पाठवायची होती.

म्हणजे सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. मी ‘नाही’ म्हटलं नाही, संमतीपत्र फाडलं नाही, आणि कोस्टा रिका आपोआप रद्द झालं. वावरात परत आल्यावर मी निंबाखाली बाजेवर आडवा झालो आणि आता छान झोप लागेल असं स्वतःला सांगितलं. पौर्णिमा विहिरीच्या काठावर बसली होती. शिवम स्टँडचे पाय मिटत होता. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘राहू द्या बाबा. मुकादमाले नीट सोडू. तेवढं झालं तरी लय झालं.’

ती रुसली असती, तर मी टिकलो असतो. भांडली असती, तर आणखी चार त्रुटी काढल्या असत्या. पण तिने शहाण्यासारखं मान्य करून टाकलं. वीस वर्षांच्या पोरीचा तो समजूतदार आवाज मला ऐकवेना. मला तिचा फार राग आला, आणि त्याहून जास्त माझा. मी उठलो, वहिनींकडे कोरा कागद मागितला आणि अर्ज लिहायला बसलो. विषय, संदर्भ, महोदय. हात आपोआप चालत होता.

अकोल्याच्या त्या ऑफिसात एका तरुण लिपिकाने माझा अर्ज वाचला, पेन्सिल काढली आणि समासात लिहिलं, ‘जागेचा नकाशा नाही. त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावे.’ अक्षरसुद्धा माझ्यासारखंच होतं. मी बाहेर जाऊन नकाशा काढून आणला. मग त्याने दादाचं ना-हरकत पत्र मागितलं. ते मी येतानाच आणलं होतं, मला काय माहीत नव्हतं का? मग शूटिंगचा उद्देश स्पष्ट नव्हता. उद्देश लिहिताना माझं पेन जरा अडलं. ‘अर्जदाराची मुलगी वन्यजीव संवर्धनाच्या कामाचे चित्रण करण्यासाठी परदेशी जात आहे’ असं मी लिहिलं. ‘जाऊ इच्छिते’ असं लिहायचं होतं. खाडाखोड नको म्हणून तसंच ठेवलं.

ऑफिस सुटायच्या वेळेला त्या पोराने मान वर केली. ‘काका, तुमी सरकारीत होते का? अर्जाले समास बरोबर सोडला, म्हणून इचारलं.’ मी खातं सांगितलं. त्याने चहा मागवला, फाइल बगलेत मारली आणि साहेबाच्या खोलीत गेला. अंधार पडायच्या आत परवानगी माझ्या हातात होती. नोकरीत मी एवढ्या वेगाने कागद हललेला पाहिला नव्हता. माझ्याकडून तर नाहीच.

आता मुकादमाला बाहेर काढायचं होतं, आणि मुकादमाची तयारी नव्हती. दोरीला टोपलं बांधून सोडलं, कणकेचे गोळे टाकले, वहिनींनी गोड बोलून पाहिलं, दादाने घाण बोलून पाहिलं. शनिवार उजाडला तरी तो तळाशी. वनपाल जीप घेऊन आले होते. जनावरांचे डॉक्टर आले होते. सीमा सकाळच्या बसने डबा घेऊन आली होती. मित्रमंडळ बिनफ्लेक्सचं आलं होतं. शेवटी दादाने सदरा काढला, धोतर फेडलं आणि पासष्टाव्या वर्षी विहिरीत उडी मारली.

खालून आवाज आला. ‘शालिक, उतर!’

‘दादा, कॅमेरा चालू हाये!’

‘मंग काय कोट घालून उतरतं का बे?’

थोरल्या भावाने विहिरीतून हाक मारली की आमच्या घरात अपील नाही. मी पायऱ्यांपर्यंत सदऱ्यात गेलो, तिथे भान आलं, सदरा आणि पॅंट घडी करून ठेवली आणि त्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर पाण्यात शिरलो. वरून कोणीतरी शिटी मारली. मला वाटतं ओमप्रकाशजी.

पाणी तसंच होतं. तेच गारठलेलं, तोच शेवाळाचा वास, वर तेच गोल आभाळ, फक्त काठावर आबा नव्हते. मी दोन हात मारले आणि दम लागला. दादा माझ्याकडे पाहून हसायला लागला. ‘भोपळा बांधा रे याच्या पाठीले!’ मला हसू फुटलं आणि नाकात पाणी गेलं. आम्ही दोघं म्हातारे कपारीला धरून खोकत होतो, हसत होतो, पुन्हा खोकत होतो. कासवाचं आम्ही विसरूनच गेलो होतो. इतकी वर्षं दिवाळीला येऊन, जेवून, जमिनीच्या बटाईचं बोलून मी परत जात होतो. भावासोबत पाण्यात उतरलो नव्हतो. मला एकदम भरून आलं. तोंड ओलंच असल्यामुळे कोणाला कळलं नाही.

आणि मग आमच्या मधल्या पाण्यात मुकादमाची मान वर आली. काम काय चाललंय, ते पाहायला आला होता. दादाने शांतपणे दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घातले. तो धडपडलासुद्धा नाही.

चार दोरांची बाज खाली आली. ओमप्रकाशजी दोर न धरता ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत होते. आधी मुकादम वर गेला, मग दादा, शेवटी मी. ओल्या चड्डीत काठावर चढताना वनपालांनी मला हात दिला आणि म्हणाले, ‘या, कासवपालक.’

डॉक्टरांनी मुकादमाला तपासून धडधाकट ठरवलं. कापसाच्या काट्यावर त्याचं वजन झालं, आणि ओल्या गोणपाटात ठेवून आम्ही त्याला महानच्या धरणावर नेलं. या धरणाच्या पाण्यावर मी जन्मभर टिपण्या लिहिल्या, पण काठाला पाय लावला नव्हता. दादाने त्याला उथळ पाण्यात ठेवलं. मुकादम थोडा पुढे गेला आणि गोल फिरायला लागला. फिरून परत तिथेच. ‘विहिरीएवढाच गोल मारून राहिला,’ दादा म्हणाला. वहिनींनी पदराने डोळे पुसले. शिवमचा कॅमेरा चालू होता. मग एका फेरीला मुकादम वळायचं विसरला, सरळ गेला आणि दिसेनासा झाला.

वनपालांनी जीपच्या बॉनेटवर पंचनामा ठेवला. ‘सदर प्राण्यावर आमचा कोणताही हक्क राहिलेला नाही व तो आम्ही परत मागणार नाही.’ दादाने पेन घेतलं, कागदाकडे पाहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. ‘माह्याच्यानं होत नाई. तू कर. तुले सह्याईची सवय हाये.’

मी सही केली. ती नेहमीसारखी आली नाही, जरा वाकडी आली.

‘बाबा,’ पौर्णिमा म्हणाली, ‘पेन हातात हायेच तं...’ आणि तिने पंचनाम्याशेजारी संमतीपत्र ठेवलं. माझ्या सगळ्या लाल त्रुटी, त्यांच्याखाली तिची निळी उत्तरं. कागद मऊ पडला होता.

‘मी वाचल्याशिवाय सही करत नाई,’ मी म्हटलं.

‘वाचा ना.’

मी वाचायला लागलो. साप, विंचू, दवाखाना, शाकाहार. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा वर गेलो. धरणावर कोणी हलत नव्हतं. पार त्या वनपालांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, की मी काय करतोय.

‘अवो,’ सीमा हळूच म्हणाली, ‘ऊन होऊन राहिलं.’

मी सही केली. पेन उचललं, पण हाताची जुनी खोड. नुसती सही करून कागद सोडायची सवयच नाही. समासात उरलेल्या जागेत मी एक ओळ लिहिली, ‘परत येण्याच्या अटीवर मंजूर.’ खाली तारीख टाकली.

फिल्म त्याच संध्याकाळी गेली. काही आठवड्यांनी निवड झाल्याचं कळलं. त्या लोकांना विहिरीतले दोन म्हातारे फार आवडले होते. जगात कुठेतरी एका पडद्यावर माझी चड्डी दाखवली गेली, हे मी मनाला समजावलं. कागदपत्रं सगळी ठीक आहेत, फक्त संमतीपत्राच्या समासात हाताने काय लिहिलंय ते कळावं, अशी त्यांनी विचारणा केली होती. पौर्णिमेने भाषांतर करून पाठवलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, की आपल्या वडिलांची अट संस्थेला मान्य आहे.

पौर्णिमा गेली आणि ठरल्याप्रमाणे परत आली. रापलेली, बारीक झालेली, बुटांत वाळू. तिचा माहितीपट कॉलेजात दाखवला तेव्हा पार्वताबाई पहिल्या रांगेत होत्या. मग त्याच लोकांनी तिला पुन्हा बोलावलं. पुढे दुसऱ्या देशात पक्ष्यांवर काम निघालं, मग आणखी कुठे. आता तेच तिचं काम आहे. दरवर्षी ती येते. अंगणात बसते, पोटभर खाते, दोन दिवस नुसती झोपते, दादा-वहिनींना भेटून येते आणि बॅग भरायला लागते. माझ्या अटीचा भंग तिने एकदाही केलेला नाही.

यंदा ती बॅग भरत असताना मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, ‘पौर्णिमा, माही ड्राफ्टिंगमध्ये चूक झाली. ‘परत येण्याच्या अटीवर’ लिहिलं मी. ‘परत येऊन राहण्याच्या अटीवर’ लिहाले पाह्यजे होतं.’

तिने हातातली कपड्याची घडी बॅगेवर ठेवली.

‘बाबा, मंजूर झाल्यावर त्रुटी काढता येत नाई,’ ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. नियमाप्रमाणे तिचं बरोबर होतं.